ओळ सांगणारी

लव्हडे ट्रेगिअर मुलांसाठी भजनं लिहायची आणि तिच्या भजनांत कुणी मरत नसे. त्या काळात हे नवलच होतं. मुलांच्या भजनाचं शेवटचं कडवं ठरलेलं असायचं: लहानसं थडगं, वर फुलं, आणि देवाघरी गेलेलं लेकरू.

"लंडनचा प्रकाशक पुन्हा तेच म्हणतोय," ती झॅकी पास्कोला म्हणाली. झॅकी चॅपेलमध्ये हार्मोनियम वाजवायचा. आठवडाभर मासे खारवून त्याचे हात मिठाने फुटलेले असत. "त्याला चौथं कडवं हवंय. मरणाचं."

"मग द्या की, मिस लव्हडे. चार ओळींनी कोण मरतंय?"

"माझी पोरं तीन कडवी गातील आणि घरी जाऊन केक खातील."

रविवारच्या वर्गाची वेळ होती, समुद्रावरून मऊ ऊन येत होतं. बाकांवर कोळ्यांची, खाणकामगारांची चिमुरडी पाय हलवत बसली होती. वाचता कुणालाच येत नव्हतं. म्हणून लव्हडे एक ओळ बोलायची, थांबायची, मग मुलं ती गायची. मग पुढची ओळ. पहिल्या बाकावर तिची भाची टॅमसिन होती, चार वर्षांची. भावाची होडी बुडाली तेव्हापासून लव्हडेला जगात तेवढीच उरली होती.

*इवल्या चिमणीला देव देई दाणा,*
*इवल्या माझ्या हाती त्याचाच खजिना.*

तिसरं कडवं संपलं. लव्हडेने हात खाली घेतला. मुलं मात्र वाट बघत थांबली होती, लव्हडे ओळ सांगताना थांबत तशी, माना किंचित कलत्या करून. मग मुलं गायली,

*लाल फीतवाली गं, चल माझ्या बागेत.*

पुन्हा थांबली. चॅपेलात लाटांखेरीज आवाज नव्हता.

*तिथे नाही खोकला, तिथे नाही रात.*

"हे कुणी शिकवलं?" लव्हडेने विचारलं.

"तुम्हीच की, मिस!" पोरं हसली. "आत्ताच तर सांगितलंत!"

ग्रेस नान्सने आपली लाल फीत कौतुकाने चाचपली. बुधवारी तिला घटसर्प झाला. शुक्रवारी तिला पुरलं.

"मिस लव्हडे, हा रविवार राहू द्या," झॅकी म्हणाला. त्याच्या बोलण्यातली चेष्टा गेली होती.

"का म्हणून? मी लिहिलेलं भजन, मी शिकवलेली पोरं. माझ्या वर्गात ओळ मीच सांगणार." टॅमसिनला घरी ठेवायचा विचार तिला शिवलाही नाही. भिऊन दार लावून बसणाऱ्यांतली ती नव्हती. तिने भाचीला नवे बूट घातले, नाड्या घट्ट बांधल्या आणि हात धरून तिला चॅपेलात आणलं.

तीन कडवी झाली. लव्हडेने हात खाली घेतला नाही.

माना कलल्या.

*नवे बूट काढून ठेव, ओली आहे वाट.*

टॅमसिन आपल्या बुटांकडे बघून हसली. मुलं पुढच्या ओळीसाठी थांबली.

त्या रिकाम्या जागेत लव्हडे मोठ्याने, ठाम आवाजात बोलली,

"आत्यासंगे घरी चल, मांडले आहे ताट!"

क्षणभर मुलं गोंधळली. एकमेकांकडे पाहिलं. मग गायली. तिचीच ओळ, शब्दन् शब्द.

ती वाट बघत राहिली. माना सरळ झाल्या होत्या. कुणीतरी शिंकलं, कुणीतरी केक मागितला.

झॅकीने भाता सोडला. "जिंकलात तुम्ही," तो पुटपुटला.

"म्हटलं होतं ना."

घरी तिने शेगडी पेटवली, टॅमसिनच्या बशीत साय आणि केशराचा पाव वाढला. खिडकीत अजून पिवळं ऊन होतं. खूप दिवसांनी ती स्वतःशीच गुणगुणली.

टॅमसिनने पाव खाली ठेवला. खुर्चीतून वाकून ती बुटाची नाडी सोडू लागली.

मान कलती झाली.

"आत्यासंगे घरी चल," लव्हडे घाईने म्हणाली. "म्हण, टॅमसिन. आत्यासंगे—"

पोरीने वैतागून मान हलवली.

"आत्या, दोघी एकदम नका ना सांगू," ती म्हणाली. "आवाज सारखाच आहे, मला कळत नाही."

आणि नीट ऐकू यावं म्हणून तिने लव्हडेच्या बाजूचा कान हाताने झाकला.