कोरडा टेक

मावशीला घेऊन यायचं काम कात्रीच्याच गळ्यात पडलं, आणि ते साहजिक होतं, कारण मावशी तिची होती. कात्री हे काही तिचं खरं नाव नव्हे. कॉलेजच्या फिल्म विभागात ती एडिटिंग करायची, आणि कुणाचाही लाडका शॉट कापताना तिला जराही दयामाया वाटत नसे, म्हणून वर्गाने तिला हे नाव ठेवलं होतं. ते घरापर्यंत पोचलं. मावशीला तर इतकं आवडलं, की तीही तिला ‘कात्रे’ म्हणून हाक मारू लागली.

त्या वर्षी सरांनी वर्गाला एक जुनं नाटक दिलं होतं. ते आजच्या काळात आणायचं आणि त्याचा व्हिडिओ करायचा. पोरांनी राजवाड्याच्या जागी फ्लॅट आणला, दूताच्या जागी मोबाइल आणला, तलवारी काढून टाकल्या. पण नाटकात एक आंधळी म्हातारी आहे, तिला काही काढता येईना. शेवटच्या अंकात ती खुर्चीत बसून आपल्या मुलांशी बोलत असते आणि मुलं एकेक करून, पाय न वाजवता, निघून जातात. हिला दिसत नाही, मग कळणार कसं, असा त्यांचा हिशेब. म्हातारी रिकाम्या खोलीशी बोलत राहते. खुर्चीतून ती शेवटपर्यंत उठत नाही. पडदा पडताना फक्त एवढंच म्हणते, “शेवटचा जो असेल त्याने दार ओढून घ्या. वारा येतो.” म्हणजे तिला सगळं ठाऊक असतं.

कात्रीच्या मावशीने तरुणपणी ही म्हातारी केली होती, डोक्यावर पांढरा टोप घालून. पुढे नाटक मंडळी बंद पडली, मावशी घरी बसली, आणि टोप घालायची गरज उरली नाही इतके तिचे स्वतःचेच केस पांढरे झाले. कात्रीने घरी नाटकाचा विषय काढायचा अवकाश, आई म्हणाली, “अगं, मग ताईलाच विचार की.” विचारल्यावर मावशी नाही कशाला म्हणते. तिने सगळ्या बिल्डिंगला सांगून टाकलं.

बसमध्ये मावशी गालात खोकल्याची गोळी धरून बसली होती. काम करायच्या आधी गळा साफ हवा म्हणून ती निलगिरीच्या वासाच्या गोळ्या चघळायची, आणि ती बसली की आजूबाजूच्या चार सीटांना तो वास लागायचा. कात्री फोनमध्ये डोकं घालून होती. मावशी खिडकीबाहेर बघत तिला आंधळीचं काम समजावत होती.

“डोळे मिटायचे नाहीत, कात्रे. नवशिके मिटतात. टक्क उघडे ठेवायचे. सगळं बघायचं आणि काहीच बघितलं नाही असं बसायचं. फार कठीण असतं.”

कात्रीने मान वर न करता हो हो केलं.

शूटिंग दिग्दर्शकाच्या काकांच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये होतं. दिग्दर्शकाला सगळे कॅप्टन म्हणायचे, कारण तो सदानकदा हुकूम सोडायचा. कॅमेऱ्यावर होता खांब, नावाप्रमाणेच उंच आणि तसाच गप्प. हॉलच्या मध्यभागी वेताची खुर्ची मांडली होती. जुनी होती, बसलं की कुरकुरायची. मावशीने चेहऱ्याला पावडर लावून घेतली, शाल नीट केली आणि खुर्चीत बसून पहिलं वाक्य असं काही फेकलं, की खांबने कानावरचे हेडफोन उपटून काढले.

मावशीचा आवाज शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसासाठी घडलेला होता. कॅमेरा तर तिच्या नाकासमोर. तिचे हात छतापर्यंत जायचे आणि फ्रेमच्या बाहेर निघून जायचे. कॅप्टनने समजावलं, मावशीने मान डोलावली, आणि पुन्हा अगदी तेच केलं. खांबचे खांदे हलायला लागले. कात्रीचे कान गरम झाले. त्या वेळी तिला लाज वाटली ती मावशीची. खरी लाज अजून पुढे होती.

कॅप्टनने तिला हळूच स्वयंपाकघरात बोलावलं.

“हे नाही चालणार. कॉमेडी होतेय,” तो म्हणाला. “आणि बॅटरी संपत आलीये, अजून खांबचा बाल्कनीतला शॉट राहिलाय. कोरडा टेक घेऊन टाकू?”

कोरडा टेक हा त्यांचा नेहमीचा डाव होता. कॅमेरा बंद ठेवायचा, ‘ॲक्शन’ म्हणायचं, माणसाला मन भरेपर्यंत काम करू द्यायचं आणि शेवटी टाळ्या वाजवायच्या. ज्यांना नाही म्हणता येत नाही अशा लोकांसाठी, म्हणजे मागच्या शूटिंगच्या फ्लॅटच्या मालकासाठी वगैरे, त्यांनी तो आधीही वापरला होता. मालक अजून विचारायचे, आमचा सीन कधी दिसणार म्हणून, आणि पोरं पोट धरून हसायची.

“तुझी मावशी आहे,” कॅप्टन म्हणाला. “तू सांगशील तसं.”

कात्रीला फक्त तिथून सुटायचं होतं. “घेऊन टाका,” ती म्हणाली.

मग ते तिघं कॅमेऱ्यामागे ओळीने बसले. आधीच्या टेकला कॅमेऱ्यावर छोटा लाल दिवा लागला होता, आता लागला नाही. मावशी समोरच बघत होती. कॅप्टनने गंभीर चेहऱ्याने ‘ॲक्शन’ म्हटलं, खांब बंद पडद्यात डोळा खुपसून उगाच फोकस करायला लागला, आणि कात्रीच्या पोटातून हसू उसळून आलं. तिने तोंडावर हात दाबला. कॅप्टनने तिला कोपर मारलं, त्याने ते आणखीच वाढलं. डोळ्यांतून पाणी आलं. मावशी बोलत होती, बराच वेळ बोलत होती, पण हसू दाबायच्या नादात कात्रीच्या कानात त्यातला एक शब्दही शिरला नाही. टाळ्या वाजल्या तेव्हा तिला कळलं की झालं.

मावशी टाळ्यांनंतरही तशीच बसून होती. मग शाल सावरत तिने विचारलं, “झालं ना गं नीट?”

“एकदम,” कात्री म्हणाली.

परतीच्या बसमध्ये एरवी तोंडाचा पट्टा चालू असणारी मावशी काही बोलली नाही. उतरताना तिने कात्रीच्या हातावर खोकल्याची एक गोळी ठेवली, एवढंच.

पुढे मावशीचे फोन यायला लागले आणि कात्री ते टाळायला लागली. एकदा चुकून उचलला.

“लागला का गं माझा सीन?”

“लागला, मावशी.”

“चांगला दिसतो?”

“खूपच.”

मग मावशी म्हणाली, “बरं.” तेच तिचं शेवटचं बोलणं. त्याच आठवड्यात ती दुपारची झोपली ती उठलीच नाही.

आई रडून रडून अर्धी झाली. पण भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच गोष्ट सांगायची. ताईचं शेवटचं काम आपल्या पोरीकडे आहे. कॉलेजात दाखवणार आहेत, सगळ्यांनी यायचं. आणि कात्री बाजूला बसून चपलांकडे बघत राहायची. सांगायचं धाडस दर वेळी गळ्यापर्यंत यायचं, आणि आईचा चेहरा बघितला की खाली उतरायचं. आईला आता तेवढाच आधार उरला होता. तो आपल्या हाताने काढून घ्यायचा म्हणजे काय, हे कात्रीला चांगलं कळत होतं. आणि खरं सांगायचं तर स्वतःच्या अब्रूचीही तिला काळजी होती.

शेवटी कॅप्टननेच वेळ मारून न्यायची युक्ती काढली. शूटिंगच्या दिवशी मावशी घरी परतल्यावर खांबने रिकाम्या खुर्चीचा एक लांबलचक शॉट घेऊन ठेवला होता. तोच लावायचा. आवाज नाही, माणूस नाही, नुसती खुर्ची. आधुनिक मांडणी आहे म्हणायचं, घरच्यांना काय कळतंय. कात्री एडिटिंगच्या खोलीत जाऊन बसली.

भर दुपार होती, पण त्या खोलीला खिडकीच नाही. दार लावलं की मॉनिटरच्या उजेडाशिवाय काही दिसत नाही, आणि भिंतींना फोम लावलेला असल्याने स्वतःचा श्वाससुद्धा परका वाटतो. तिने खुर्चीचा शॉट जागेवर लावला, हेडफोन घातले आणि चालवला. पडद्यावर खुर्ची होती. आणि कानात, अगदी बारीक, वेत कुरकुरला.

तिने शॉट थांबवला. आवाजाची पट्टी बघितली. पट्टी सपाट होती. या शॉटला आवाजच नव्हता, त्या वेळी माइक कधीच गुंडाळून ठेवला होता. तिने पुन्हा चालवला. पुन्हा कुरकूर… कुणीतरी बसताना अंग सावरावं तशी. आणि मग त्या बंद खोलीत, हळूहळू, निलगिरीचा वास भरायला लागला. कात्रीने कशीबशी फाइल तयार करायला लावली आणि ती बाहेर उन्हात येऊन उभी राहिली. काम पुरं होईपर्यंत ती पुन्हा आत गेली नाही.

खेळ सकाळचा होता. हॉलचे पडदे ओढून अंधार केला होता. आई पहिल्या रांगेत, तिच्या शेजारी काका, आत्या, मावशीच्या बिल्डिंगमधल्या बायका. कात्री, कॅप्टन आणि खांब भिंतीला टेकून उभे होते. सिनेमा बरा चालला होता. शेवटचा सीन आला. खुर्ची यायला हवी होती.

पडद्यावर ते तिघं होते.

ओळीने बसलेले, बंद कॅमेऱ्यामागे. खांब पडद्यात डोळा घालून. कॅप्टन कोपर मारताना. आणि मधे कात्री, तोंडावर हात, डोळ्यांत पाणी, हसू फुटतंय. जिथून हे दिसत होतं तिथे त्या दिवशी कॅमेरा नव्हता. तिथे फक्त खुर्ची होती. आवाज कसलाच नव्हता. पडद्यावरच्या तिघांच्या बाहेर यायला धडपडणाऱ्या हसण्याचा तेवढा होता.

जमिनीने पोटात घ्यावं असं कात्रीला झालं. आता सगळे मागे वळून आपल्याकडे बघणार, आई बघणार. ती वाट बघत राहिली… पण कुणीच वळलं नाही. मग पुढून एक हुंदका आला. आणखी एक. सीन संपला तेव्हा बायका पदराने, रुमालाने डोळे पुसत होत्या आणि टाळ्या थांबत नव्हत्या.

कात्रीने शेजारी बघितलं. खांब पांढराफटक पडला होता. कॅप्टनने तिच्याकडे बघायचं टाळलं आणि काढता पाय घेतला. म्हणजे त्या दोघांनाही तेच दिसलं होतं.

आई आली आणि तिला मिठी मारून रडली. “किती हळू बोलली गं ताई. इतकं हळू बोलताना मी तिला जन्मात ऐकलं नव्हतं. आणि सगळा वेळ तुझ्याकडेच बघत असल्यासारखी.” सरांनीही पाठ थोपटली. आजपर्यंत वर्गातून इतका संयत अभिनय आला नव्हता, म्हणाले.

त्या रात्री जेवताना कात्रीने एकदाचं सगळं सांगून टाकलं. कॅमेरा बंद होता. मीच हो म्हटलं. आम्ही हसत होतो. आईने शांतपणे ऐकून घेतलं, आणि मग तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

“तुझ्या मनाला लागलंय ताईचं जाणं. म्हणून असं काहीतरी सुचतं. कॅमेरा बंद असता, तर मग मी काय बघितलं?”

शिक्षा मागायला जावं आणि कौतुक हातात पडावं, याच्यासारखी लाज नाही. ती आता कुणाला दाखवताही येईना.

आईने सीन टीव्हीवर लावून घेतला. रोज दिवेलागणीला ती तो बघते, आणि कात्रीला शेजारी बसवून घेते. आईला ताई दिसते. कात्रीला ते तिघं दिसतात. निदान सुरुवातीला तिघं दिसायचे. मग एके दिवशी कॅप्टन चौकटीच्या कडेला अर्धाच उरला. काही दिवसांनी खांबही गेला. बघणारं जे काही होतं ते पुढे सरकत होतं, जरा जरा, कुणाला घाई नसल्यासारखं. आता पडद्यावर कात्री एकटीच असते, आणि दर संध्याकाळी तिचा चेहरा आदल्या दिवसापेक्षा मोठा असतो.

काल तर नुसते डोळे आणि तोंडावरचा हात, एवढंच मावत होतं. आई पुढे झुकून बघत होती.

“आज काहीतरी वेगळंच आहे गं,” ती म्हणाली.

“काय?”

“ताई खुर्चीत नाहीये… उठलीये बघ.”

मागे कुठेतरी वेत कुरकुरला, आणि त्यांच्या घरात वेताची खुर्ची नाही. मग तो वास आला.

“दार उघडं टाकलंस का?” आईने पडद्यावरून नजर न हलवता विचारलं. “वारा येतोय. ओढून घे.”

दाराला कडी कात्रीने स्वतः घातली होती. मानेवर गार झुळूक लागत होती, तरी तिला वळवेना. डोळे टक्क उघडे ठेवून ती समोर बघत बसली, काहीच बघितलं नाही अशी.