तिसऱ्या आकड्यावरचा मग

टॅमसिन, काउंटरकडे जातेच आहेस तर माझाही ग्लास घेऊन जा. ब्रेंडाला म्हण, मधल्या पंपाची बिअर, आणि वर फेस बोटभर हवा. हां, ग्लासच. तो मग नको... अगं, हात खाली घे. खाली घे म्हणतो ना! तिसऱ्या आकड्यावरच्या मगाला हात लावायचा नाही.

आलीस? बस. ओरडलो म्हणून रागावू नकोस आजोबांवर. कॉनर, जाळात एक ओंडका सरकव. आणि त्या कुत्र्यालाही सरकव, निम्मी ऊब तोच खातोय.

तर तो मग कुणाचा? माझाच. बुडाला नाव कोरलंय, सिरिल ॲक्रॉइड. आणि तरी मी ग्लासातून पितो. तुम्ही दोघं कधीपासून एकमेकांना कोपरं मारताय, मला दिसत नाही असं वाटलं? सांगतो. पण हळू बोलायचं, ब्रेंडाच्या कानावर जाता कामा नये. आणि गोष्ट तशी माझी नाही, डेरेक लमची आहे. माझ्या ओळखीचा माणूस. मला आवडायचा म्हणून नाही सांगत. मुळीच नाही आवडायचा.

तुम्ही शहरात वाढलात, म्हणून एवढं सांगतो. या 'लंगड्या मेंढ्या' पबात बारच्या वर मग टांगायचे सात आकडे आहेत. आठवा कधी झाला नाही. आकडा मालकीण देते, म्हणजे ब्रेंडा, मागून मिळत नाही. मला एकोणीस वर्षांनी मिळाला. जिवंत माणसाचा मग टांगायचा तो कान दाराकडे करून, म्हणजे आत शिरता शिरता हात पोचतो. माणूस गेला की त्याच्या मगाचा कान भिंतीकडे. मग त्यातून कुणी पीत नाही. त्याची पाटी कुठे लावलेली नाही, लागतही नाही.

पहिला आकडा विल्फ ग्रीनवुडचा. ब्रेंडाचा पहिला नवरा. बिअर काय राखायचा तो माणूस! पिंपाच्या पाठीवर भोक असतं, त्यात लाकडाची छोटी मेख ठोकायची. आत बिअर जिवंत असते, तिला श्वास लागतो. किती सोडायचा, किती कोंडायचा, त्यात सगळी विद्या. दुकानातल्या मेखा विल्फला चालायच्या नाहीत. मागच्या कुंपणाच्या हेझलच्या काठ्या आणून स्वतः तासायचा, आणि प्रत्येक मेखेवर चाकूनं तीन खाचा. ठोकायचाही एका ठेक्यात. ठक... मग थांबायचा... ठक ठक. तळघरातला तो आवाज वर ऐकू आला की आम्ही ग्लास रिकामे करायला लागायचो.

दोन हजार बाराच्या मार्चमध्ये गेला. शवपेटीला खांदा देणाऱ्या सहांत मी होतो. झाकण लावायच्या आधी ब्रेंडानं त्याच्या वेस्टकोटच्या खिशात एक मेख ठेवली. त्याची शेवटची. मी तिच्या शेजारी उभा होतो, माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

आता खरं सांगायचं तर... वर्ष-दीड वर्षानं माझ्या मनात येऊ लागलं होतं. तुमची आजी गेल्यापासून मी एकटा, ती एकटी. रोज संध्याकाळी सहाला मी इथे. तिची पिंपं उतरवायला मी, बर्फ उपसायला मी. बोलायचं तेवढं राहिलं. उद्या बोलू, उद्या बोलू म्हणत पाच वर्षं गेली. आणि दोन हजार अठराच्या उन्हाळ्यात बॉयलर दुरुस्त करायला हा डेरेक आला. बॉयलर एका दिवसात झाला. डेरेक राहिला तो राहिलाच. ब्रेंडाशी लग्न झालं, त्याच दिवशी त्याला आकडा मिळाला. चौथा, माझ्या शेजारचा! एकोणीस वर्षं मी, आणि एका दिवसात हा. माझा जो तिळपापड झाला, तो अजून शांत झालेला नाही. हसा, हसा.

पण डेरेकलाही सुख नव्हतं. तो होता मेलेल्या माणसावर जळणारा. कुणीही पहिला घोट घेतला की म्हणायचा, "बरी आहे रे. पण विल्फच्या हातची गोष्ट वेगळी." मी तर रोज म्हणायचो. मुद्दाम म्हणायचो. आणि दर शुक्रवारी ब्रेंडा विल्फचा मग काढायची, ॲप्रनच्या टोकानं पुसायची, सावकाश, आणि परत कान भिंतीकडे करून ठेवायची. डेरेक काउंटरच्या आतून बघायचा, मी बाहेरून. एकदा तो मला म्हणाला, "सिरिल, जिवंत माणसाशी भांडता येतं रे. ह्याच्याशी कसं भांडू? हा चुकतच नाही!" मला त्याची दया यायला हवी होती. नाही आली.

तारीख पक्की सांगतो. सतरा नोव्हेंबर दोन हजार एकोणीस, रविवार. विल्फची पुण्यतिथी वगैरे काही नव्हती. साडेसहा झाले होते, बाहेर चारपासूनच अंधार. त्या दिवशी जिल्ह्यातल्या बिअर मंडळींनी डेरेकला प्रशस्तिपत्र दिलं होतं. सगळ्यात चांगली राखलेली बिअर म्हणून. विल्फला कधी मिळालं नव्हतं ते. फ्रेम भिंतीवर लागली, टाळ्या झाल्या, आणि ब्रेंडानं सगळ्यांसमोर डेरेकचा मुका घेतला.

मला नाही बघवलं. सगळे फ्रेमकडे वळलेले होते. मी हात वर केला आणि चौथ्या आकड्यावरचा डेरेकचा मग फिरवला. कान भिंतीकडे.

हो, मी. माझ्या हातानं. थट्टा म्हणा, जळफळाट म्हणा. एवढं एक मी केलं. पुढचं मी केलेलं नाही.

डेरेक वळला आणि त्यानं ते पाहिलं. चेहरा लाल झाला. कुणी केलं ते विचारलं नाही. त्यानं सरळ पहिल्या आकड्याला हात घातला आणि विल्फचा मग खाली काढला.

"डेरेक, ठेव तो," ब्रेंडा म्हणाली.

"का? सात वर्षं तहानलेला आहे बिचारा. आज त्यालाही कळू दे माझी बिअर कशी असते!"

पंपाचा दांडा ओढला, मग भरला, आणि विल्फच्या मगातून डेरेक घटाघटा प्यायला. म्हातारा एर्नी तेवढा पुटपुटला, "हे बरं नाही केलंस, पोरा."

डेरेकनं मग काउंटरवर आपटला, पुन्हा दांडा ओढला. पंप खोकला. पिंप संपलं होतं.

"दुसरं तयार आहे," तो म्हणाला. "सकाळीच मेख ठोकलीय. दोन मिनिटांत जोडून येतो."

तो जिना उतरला. बारा पायऱ्या. मी मोजल्या, कारण दुसरा काही आवाजच नव्हता.

मग... ठक.

थांबला.

ठक ठक.

एर्नीनं टोपी काढली. मी ब्रेंडाकडे बघितलं. तिच्या हातात फडकं होतं. ते तसंच राहिलं.

"डेरेकच असेल," कुणीतरी म्हणालं.

डेरेकला तो ठेका कधीच जमला नव्हता. किती प्रयत्न केला होता त्यानं...

पाच मिनिटं. दहा मिनिटं. मला खाली जायला हवं होतं. नाही गेलो. कुणीच नाही गेलं.

मग पायऱ्या वाजल्या. हळू. एकेक.

डेरेक दारात उभा राहिला. पांढराफटक. उजवी मूठ घट्ट मिटलेली. काउंटरपर्यंत आला आणि मूठ उघडली.

मेख. हेझलची. ओली. तीन खाचा.

"ही पिंपात होती," तो म्हणाला. "मी ठोकलेली नाही. माझी खाली पडलीय... दोन तुकडे." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "सिरिल, तूच ना? सांग ना, तूच ना?"

मी मान हलवली. त्या दिवशी समारंभ म्हणून मी दुपारपासूनच आलो होतो आणि या खुर्चीतून उठलो नव्हतो. उठलो तो एकदाच, मग फिरवायला.

आणि मग ब्रेंडा पुढे आली. तिनं ती मेख उचलली. नाकाशी नेली.

पोरांनो... मला वाटलं, ही आता किंचाळणार. खाली कोसळणार. म्हणून मी अर्धा उठलोही होतो. पण ती हसली. गाल लाल झाले तिचे. सोळा वर्षांची पोर दिसावी तशी दिसली... पन्नास वर्षं ओळखतो मी तिला. माझ्याकडे बघून तिचा चेहरा एकदाही तसा झालेला नाही.

डेरेकनं तो चेहरा पाहिला. मी पाहिला.

मंगळवारी डेरेक गेला. बसथांब्यावर मी त्याच्याबरोबर उभा होतो, का कोण जाणे. दोघांच्या मध्ये त्याची बॅग. तो म्हणाला, "खाली कुणी नव्हतं, सिरिल. दिवा चालू होता, सगळं लख्ख दिसत होतं. लाकडी हातोडा भिंतीवर जागच्या जागी होता. मी हात लावला... मूठ गरम होती. त्या गारठ्यात. कुणी आत्ताच सोडावी तशी."

"म्हणून चाललास?"

"छे! भुताबरोबर राहिलो असतो रे. हातोडा दोघांत वापरला असता." बस आली. त्यानं बॅग उचलली. "तू पाहिलास ना तिचा चेहरा?"

मी म्हटलं, पाहिला.

मेखेचं काय झालं? त्याच आठवड्यात ब्रेंडानं ती चर्चच्या आवारात नेऊन विल्फच्या मातीत पुरली. खड्डा मी खणून दिला. माझ्याशिवाय कोण देणार? चांगला हातभर खोल.

मग ते कोरोनाचे, सगळं बंदचे महिने आले. मेंढ्याला कुलूप. रोज संध्याकाळी सहाला मी घरात भिंतीकडे बघत बसायचो, आणि तेव्हा ठरवलं. आता उद्या-बिद्या नाही. दार उघडलं की त्याच दिवशी विचारायचं. काय वाईट आहे माझ्यात? डेरेक गेला, विल्फ मातीत. आता माझी पाळी.

चार जुलै दोन हजार वीस, शनिवार. शर्टाला इस्त्री केली. बुटांना पॉलिश. पहिला मी आत शिरलो, ब्रेंडा मागच्या खोलीत होती. "आलेच रे सिरिल," म्हणाली. मी हात वर केला, नेहमीसारखा, न बघता. कान हाताला लागेना.

वर बघितलं.

माझा मग. तिसरा आकडा. कान भिंतीकडे.

मार्चमध्ये मीच टांगला होता, कान दाराकडे करून. दाराची किल्ली एकट्या ब्रेंडाकडे. ती असली थट्टा करायची नाही... असली थट्टा या गावात एकानंच केली होती. मी. आणि कुणीतरी ती बघून ठेवली होती.

टाचा उंचावून मी आत बोट घातलं.

लाकूड. बोटभर लांब. अंगठ्यानं चाचपलं... एक खाच. दोन. तीन.

ओलं होतं.

ब्रेंडा बाहेर आली. केस नवीन कापलेले. "किती नटलायस रे!" म्हणाली. "काही विशेष? काही बोलायचंय का?"

...

मी म्हटलं, "ग्लासात दे. ग्लासात रंग छान दिसतो."

नाही, तिला सांगितलं नाही. अजून नाही. मेखही तशीच मगात आहे. कॉनर, मी काय त्याला घाबरतो असं वाटतं तुला? विल्फला? शाळेत मी त्याला दोनदा लोळवला होता. सांगत नाही ते एवढ्यासाठी, की सांगितलं तर ती येईल, मगात बोट घालेल, आणि तिचा चेहरा परत तसा होईल. माझ्या मगासमोर उभी राहून, त्याच्यासाठी. ते मला दुसऱ्यांदा बघायचं नाही. त्यापेक्षा ग्लास बरा.

नाही पटत? थापा वाटतात? मग जा. ब्रेंडा आत गेलीय तोवर जा. मग खाली काढायचा नाही, कान फिरवायचा नाही. नुसतं एक बोट आत घाल आणि ये. साडेचार वर्षांत त्या मगात कुणी थेंब ओतलेला नाही...

हां. झालं? ये इकडे.

काय झालं, टॅमसिन? बोट का धरून ठेवलंयस असं?

दाखव... ओलं! आणि वास बिअरचा.

पूस. लवकर पूस ते, ब्रेंडा आली. तिला वास कळतो.