मेलखालची ओळ

धामणगाव बढ्याच्या एसटी स्टँडमागे कौसरचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. वडील गुलाम रसूल घड्याळं दुरुस्त करायचे. यंत्र उघडून पाहिल्याशिवाय त्याच्याबद्दल तोंड उघडायचं नाही, ही त्यांची सवय कौसरने जशीच्या तशी उचलली होती. नजर लागणं, उतारा टाकणं यातलं काहीही तिला पटत नसे. कॉम्प्युटर बंद पडला की त्याला कारण असतं, आणि ते शोधलं की सापडतं, इतकंच ती मानायची.

गुलाबी बोंडअळी बीटी कपाशीलाही जुमानेनाशी झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. दिवाळीच्या आगेमागे संजीवनीताईंनी तिला बोलावलं. ताई गावात पीक सल्ला केंद्र चालवायच्या. आसपासच्या गावांतले शेतकरी मोबाइलवर बोंडांचे फोटो काढून केंद्राला मेल करायचे. ताई ते अकोल्याच्या तज्ज्ञांकडे पाठवायच्या आणि तिकडून आलेला सल्ला फोनवर सांगायच्या. आदल्या हंगामात एका मेलमधून व्हायरस शिरला आणि सगळे फोटो गेले. तेव्हापासून आलेला प्रत्येक मेल तपासणारं एक ॲड-ऑन ताईंनी बसवून घेतलं होतं. आता कॉम्प्युटर नवा आला, त्यात विंडोजही नवी आली, आणि ॲड-ऑन चालेना.

"जुळत नाई म्हनते नव्या सिस्टीमशी," ताई म्हणाल्या. "इकडं फोटोवर फोटो येऊन राह्यले. बिना तपासता उघडाची हिंमत नाई होत मले."

कौसर बसली. ॲड-ऑन बनवणाऱ्यांनी ते मधल्या काळात सोडून दिलं होतं. त्यांची वेबसाइटही बंद होती. तिने ॲड-ऑनची फाइल उघडली. ते कोणत्या आवृत्तीपर्यंत चालेल याचा आकडा आत एका ओळीत लिहिलेला होता. तो तिने बदलला. तरी चालेना. मग जुन्या सिस्टीमचा भास करून देणारी सोय सुरू केली, मेलच्या फोल्डरची परवानगी दिली आणि कॉम्प्युटर बंद करून परत लावला. खिडकीबाहेर बैलगाडीतून कापूस चालला होता. उन्हं कलली तेव्हा स्क्रीनच्या कोपऱ्यात हिरवी पट्टी हळूहळू सरकली आणि पहिला मेल तपासून झाला.

तपासलेल्या मेलखाली ॲड-ऑन एक ओळ चिकटवायचं. पूर्वी ती इंग्रजीत असायची. आता तिथं लिहिलं होतं, "पाह्यलं. काई नाई."

ताई हसल्या. "हे तू लिवलं?"

"मी काऊन लिहीन ताई?"

कौसरने ॲड-ऑनच्या साऱ्या फाइली धुंडाळल्या. ते शब्द कुठेच नव्हते. मराठी अक्षर म्हणून एकही नव्हतं. पण काम चालत होतं, आणि दुकानात गिऱ्हाईक ताटकळत होतं. नंतर सवडीने बघू म्हणून ती उठली.

चार दिवसांनी ताईंचा फोन आला. रंगरावांच्या मेलखाली वेगळंच आलं होतं, "पाह्यलं. अंदर आहे."

कौसरने तो मेल दुसऱ्या दोन प्रोग्रॅममधून तपासला. व्हायरस नव्हता. फोटोत एक हिरवंगार, टणक बोंड होतं. कुठे डाग नाही, छिद्र नाही. ताईंनी काहीशा गमतीनेच रंगरावांना फोन लावला आणि ते बोंड चिरून बघायला सांगितलं. बराच वेळ फोनवर नुसता वारा ऐकू येत होता.

"आहे," रंगराव शेवटी म्हणाले. "गुलाबी आहे. तुमाले फोटोतून कसं दिसलं जी?"

त्यानंतर ताईंनी तज्ज्ञांच्या उत्तराची वाट पाहणं कमी केलं. ओळ वाचायच्या आणि फोन करायच्या. 'काई नाई' असेल तर फवारू नका. 'अंदर आहे' असेल तर आजच बघा. एकदाही चूक झाली नाही. केंद्राच्या दारात लोकांची गर्दी होऊ लागली. ज्यांची कपाशी आदल्या वर्षी उभी वाळली होती, त्यांची या वर्षी वेचणीला आली.

कौसरला मात्र तिथे बसवेना. फोटो म्हणजे रंगांचे ठिपके असतात, हे तिला ठाऊक होतं. ठिपक्यांच्या मागे काही नसतं. मग ॲड-ऑन बघत होतं कुठे? तिच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. हिरवी पट्टी बाकी मेलवर झर्रकन सरकायची. बोंडांच्या फोटोवर ती थांबायची. कुणी वाकून निरखावं, तशी थांबायची.

"मले हे काढू द्या ताई," ती एकदा म्हणाली.

"लोकायचं पीक वाचून राह्यलं, अन् तू काढतो म्हनते?"

"अंदर काय चालते ते मले समजत नाई."

"मलेही नाई समजत. पन कोनाचं वाईट तं नाई करत ना?"



मग पंचफुलाबाईंचा मेल आला. विधवा बाई, नातीला घेऊन एकट्या राहायच्या, शेजारच्या पोराकडून मेल करवून घ्यायच्या. फोटोत त्यांच्या पसरलेल्या उजव्या तळहातावर एक बोंड ठेवलेलं होतं. हिरवी पट्टी फोटोवर आली आणि थांबली. ताईंचा चहा निवला तरी ती हलली नाही. मग खाली ओळ उमटली.

"पाह्यलं. बोंडात नाई. हातात आहे."

ताईंनी चप्पल घातली. कौसरने दुचाकी काढली.

पंचफुलाबाई शेतात वेचत होत्या. ताईंनी त्यांचा उजवा हात मागितला, तशी त्या बावरल्या, पण दिला. साधा, राठ हात होता. बोटांना उकललेल्या बोंडांच्या वाळक्या टोकांचे ओरखडे होते. कौसरने तळवा अंगठ्याने दाबून पाहिला. कुठे गाठ नाही, सूज नाही, दुखणं नाही.

"काय पाह्यता बाई?" त्यांनी विचारलं.

"काई नाई," कौसर म्हणाली, आणि आपल्याच शब्दांनी दचकली.

परतल्यावर ताईंनी आपणहून खुर्ची सोडली. कौसरने ॲड-ऑन काढलं, त्याच्या फाइली पुसल्या, शेवटी अख्खी विंडोज नव्याने टाकली. ताई पुन्हा अकोल्याच्या उत्तरांची वाट पाहू लागल्या. काहींची बोंडं सडली. लोक कुरकुरले, मग गप्प झाले.

माघ सरत आला. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या, शेतांत हरभरा घाटे धरत होता. प्रिंटर बिघडला म्हणून कौसर केंद्रात आली होती. तेवढ्यात पंचफुलाबाई नातीला घेऊन आल्या. मर रोगाने वाळलेलं हरभऱ्याचं रोप त्यांनी टेबलावर ठेवलं आणि हात मागे घेतला.

त्यांच्या उजव्या तळव्याच्या मधोमध एक भोक होतं.

ज्वारीच्या दाण्याएवढं. गोल. रक्त नव्हतं, पू नव्हता. कडा कोरड्या आणि गुळगुळीत होत्या.

"हे काय झालं?" ताई खुर्चीतून उठल्या.

"हे? संक्रांतीपासून आहे. दुखत नाई." पंचफुलाबाईंनी परक्याचा हात बघावा तसा तो उलटसुलट करून पाहिला. "कपाशीचं पाह्यलं ना आपन. अळी आत जाते तवा दिसत नाई. पोसून बाहेर निंगते, तवा असंच भोक पाडते."

कौसर पुढे वाकली. "मंग बाहेर निंगाली ते? भेटली?"

"नाई भेटली. गोधडी झटकून पाह्यली, चटई उचलून पाह्यली." त्यांनी सावकाश मूठ मिटली. "ही पोर रोज याच हातावर डोकं ठेवून निजते."

कौसरने नातीकडे पाहिलं. पोर दाराशी उभी होती. मान एका खांद्याकडे कलवून, डोळे अर्धवट मिटून, आतून कोणीतरी बोलतंय आणि ते नीट ऐकू यायला हवं, अशी अगदी स्तब्ध.