उघड्या मुठीचं पात्र

ही गोष्ट मी रचलेली नाही. आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे ऐकताना तुम्हाला तसं वाटणार आहे.

साल १९९९. मार्च महिना, होळी होऊन आठवडा झालेला. जागा दोन. रोह्यातलं आमच्या निकेशचं भाड्याचं घर आणि पेणमधला त्याच्या सासऱ्यांचा गणपतीचा कारखाना. जे घडलं ते भर दुपारी घडलं, त्यामुळे अंधाराला दोष द्यायची सोयच नाही.

निकेश आमच्या मावशीचा मुलगा. कंपनीत शिफ्ट करायचा आणि उरलेल्या वेळात लिहायचा. काय लिहायचा, हे घरात कुणाला धड कळत नसे. नातेवाइकांत त्याची थट्टाही व्हायची, मीही केली आहे.

त्याचा शाळेतला दोस्त तौहीद मुंबईत कॉम्प्युटरवर खेळ बनवायला लागला होता. मारामारीचा खेळ नाही. खेळणारा एका माणसाच्या मनात शिरतो. ते मन म्हणजे एक काळोखं घर, सात खोल्यांचं. प्रत्येक खोलीत एक पात्र. एक म्हणजे भीती, एक हेवा, एक लाज... अशी सात. ही पात्रं लिहायचं काम तौहीदने निकेशला दिलं.

त्या काळी अशी माणसं पडद्यावर आणायची एक पद्धत होती. आधी मातीचा हातभर पुतळा करायचा. तो पाटावर फिरवत चारी बाजूंनी फोटो काढायचे आणि मग ते कॉम्प्युटरमध्ये घालायचे.

मातीचं काम कुठे करायचं, हा प्रश्नच नव्हता. सासरे पेणचे मूर्तिकार!

हे सासरे, दत्तात्रेयकाका, निकेशला लहानपणापासून ओळखत. त्यांचा मुलगा प्रणित निकेशचा जिवलग मित्र. सहा वर्षांपूर्वी, त्र्याण्णवच्या मे महिन्यात, प्रणित मिठागराच्या उघाडीत बुडाला. उघाडी म्हणजे खाडीचं पाणी अडवायचं आणि सोडायचं दार. भरतीच्या वेळी तिथे जबर ओढ असते. तो एकटाच चिंबोऱ्या पकडायला गेला होता, असं सगळे म्हणाले. निकेश त्या दिवशी रोह्याला कामावर होता, असं निकेश म्हणाला.

दोन वर्षांनी प्रणितच्या बहिणीशी, किमयाशी त्याचं लग्न झालं. मुलगा गेला त्या घराला जावई मिळाला. काका त्याला अजून अरे-तुरेच करत.

काकांनी पात्रं करायला होकार दिला, पण एका अटीवर.

"डोळे मी काढणार नाय," ते म्हणाले. "आमच्याकडे डोळ्यांची आखणी झाली म्हणजे मूर्ती बघायला लागली. मग तिला पोचवायला लागते पाण्यात. तुमचे हे पुतळे कपाटात ऱ्हाणार. ज्याचं विसर्जन नाय, त्याला डोळे नाय."

तौहीदला तर ते फारच आवडलं. बिनडोळ्यांची पात्रं जास्त भीतीदायक दिसतील, असं त्याचं म्हणणं.

सहा पात्रं झाली. सातवं राहिलं होतं.

सातव्याचं नाव निकेशने ठेवलं 'सल'. कागदावर चारच ओळी होत्या. 'भिजलेला तरुण. उंबऱ्याबाहेर उभा. मूठ उघडी, काही मागत नाही. आत येत नाही.'

त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. म्हणून दर कागदाची स्वच्छ नक्कल किमया करायची. तिने केली, निकेशने ती एसटीने जाणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर पेणला पाठवली.

पुढच्या सुट्टीला तो पाहायला गेला.

काकांनी ओलं फडकं उचललं... आणि निकेशच्या तोंडचं पाणी पळालं.

पुतळ्याचा उजवा पाय अनवाणी होता. डाव्या पायात चप्पल होती. चपलेचा अंगठा तुटलेला, आणि तिथे बारीक तारेची सेफ्टी पिन लावलेली.

"हे... हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कागदावर लिवलंय तसं केलंय," काका म्हणाले. "माझ्या मनाचं काय नाय त्यात."

कागद समोर धरला. किमयाचं अक्षर. पाचवी ओळ स्पष्ट होती. 'डाव्या चपलेला पिन.'

आता ऐका. प्रणितच्या चपलेचा अंगठा उघाडीवरच तुटला होता. निकेशने आपल्या करगोट्याला अडकवलेली पिन काढून, दाताने वाकवून, स्वतःच्या हाताने ती लावून दिली होती. प्रेत सापडलं तेव्हा पाय उघडे होते. त्या पिनेचं जगात दोघांनाच माहीत होतं.

त्यातला एक मेला होता.

होय, निकेश तिथे होता. कामावर नव्हताच. सहा वर्षं हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ना बायको राहिली असती, ना हे घर.

रोह्याला येताच त्याने स्वतःचा मूळ कागद शोधला. चारच ओळी होत्या. पाचवी नव्हती.

म्हणजे किमयाने घातली.

ती भाकऱ्या थापत होती. तो दारात उभा राहिला.

"पिनेचं कुठून लिहिलंस तू?"

"तुमच्या कागदावर होतं ते उतरवलं."

"नव्हतं."

"अहो, होतं. मी कशाला माझ्या मनाचं घालू? मला काय कळतंय त्यातलं?"

तिने मान वरसुद्धा केली नाही. खरं बोलणारी माणसं अशीच बोलतात. आणि सगळं माहीत असूनही गप्प बसलेली माणसंही अशीच बोलतात, असं त्याच्या मनाने घेतलं. तिला कळलंय का? कधीपासून? की बाप-लेक मिळून आपल्याला खेळवताहेत? त्या दिवसापासून तिच्या हातचा चहा पितानाही तो तिच्याकडे चोरून बघायचा.

मग आवाज सुरू झाला.

पहिली शिफ्ट करून तो दुपारी तीनला घरी यायचा. किमया शेजारी शिवणाला गेलेली असायची. आळी सामसूम. तो आडवा पडला की दाराबाहेरच्या ओटीवरून आवाज यायचा...

चट.

मग काहीच नाही.

चट.

मग काहीच नाही.

दोन दिवस त्याला कळेना की ह्यात खटकतंय काय. तिसऱ्या दिवशी कळलं. कुणीतरी चालत होतं, आणि त्याच्या एकाच पायात चप्पल होती.

आवाज उंबऱ्यापर्यंत यायचा आणि थांबायचा. निकेशने दार उघडून पाहिलं. ओटी रिकामी होती. फरशी मात्र एका जागी ओली होती, आणि त्या दुपारी आळीत कुणाच्याच नळाला पाणी नव्हतं.

'आत येत नाही,' हे त्यानेच लिहिलं होतं. त्याने त्याच ओळीचा आधार धरला.

त्याने कागद पुन्हा लिहून काढला. ह्या वेळी स्वतःच, एकेक अक्षर गिरवून. 'पायात काही नाही. मूठ उघडी आणि रिकामी.' पाकीट चिकटवलं, किमयाला दाखवलंही नाही. वडखळमार्गे एसटीने स्वतः पेणला नेऊन काकांच्या हातात दिलं. समोर उभं राहून चप्पल खरवडून घेतली. हाताची पाची बोटं उघडी करून घेतली, तेव्हाच तो हलला.

आता कुणाला मध्ये हात घालायला जागाच नव्हती.

चार दिवसांनी फोटो काढायचे ठरले. रविवार होता. तौहीद कॅमेरा घेऊन मुंबईहून आला. किमयाला माहेरी यायचंच होतं. रोह्याच्या घराला कुलूप निकेशने लावलं, दोनदा ओढून पाहिलं.

दुपारी दोनला सगळे कारखान्यात जमले. सहा पुतळ्यांचे फोटो झाले. सातव्यावरचं फडकं काकांनी उचललं.

चप्पल परत आली होती. पिनेसकट.

आणि मूठ मिटलेली होती.

"काका!" निकेश ओरडला. "मी उघडी सांगितली होती!"

"ओरडतोस कशाला? उघडीच केलेली, तुझ्यादेखत. शाडू सुकताना ओढून घेतो, बोटं मिटतात कधीमधी." काका बोलत होते खरे, पण त्यांची नजर पायावर होती. "चपलेचं मात्र मला कळत नाय."

तौहीदने जवळ जाऊन पाहिलं. "निक्या, मुठीत काहीतरी आहे रे. कापडासारखं."

निकेशला आत थांबवेना. त्याने चहाचं निमित्त काढलं. चौघेही बाहेर पडवीत आले. चहा प्यायला किती वेळ लागतो? तेवढाच गेला. कारखान्याला दार एकच, आणि त्या दारासमोरच ते बसले होते.

चट.

मग काहीच नाही.

चट...

आवाज आतून आला. ह्या वेळी तो चौघांनीही ऐकला.

काका सगळ्यांत आधी उठले.

पुतळ्याला डोळे होते.

काळीभोर, रेखीव आखणी. रंग अजून ओला. काकांचा कुंचला मात्र डब्यात कोरडा ठणठणीत.

"बाबा, तुम्ही काढलेत?" किमयाने विचारलं.

काका पुतळ्यासमोर वाकले. डोळ्याच्या कोपऱ्यात एक शेपटी होती, किंचित वर ओढलेली. त्यांनी तिच्यावरून हवेतच बोट फिरवलं, दोनदा.

"हा हात माझा नाय," ते म्हणाले. "मी शेपटी खाली सोडतो. वर ओढू नको म्हणून किती ओरडायचो त्याला. ऐकायचाच नाय."

कोणाला, हे विचारायची गरज नव्हती. काकांनी आखणी एकालाच शिकवली होती.

किमया मुठीकडे बघत होती. मिटल्या बोटांतून एक टोक बाहेर आलं होतं. खिशाचं टोक, कडेला शिवणीचे टाके, एक काज.

"अहो," ती हळूच म्हणाली, "आपल्याकडे ओटा पुसायला घेतलाय तो तुमचा जुना निळा शर्ट... त्याला खिसा नाय."

निकेशने मान फिरवली.

"लग्न झालं तेव्हा ट्रंकेत तळाला होता तो. मी विचारलेलं तुम्हाला. खिळ्याला लागून फाटला म्हणालात."

डोळे निकेशकडे बघत होते. तो डावीकडे सरकला. तौहीद आजही शपथेवर सांगतो की बुबुळं हलली. मी तिथे नव्हतो, मी सांगू शकत नाही.

निकेश मटकन खाली बसला आणि बोलायला लागला.

उघाडीवर दोघं होते. भरती लागली होती. प्रणितचा पाय घसरला. पडता पडता त्याने निकेशचा खिसा धरला. निकेशही ओढला जायला लागला. त्याने जिवाच्या भीतीने झटका दिला. खिसा फाटला. प्रणित गेला. निकेश बांधावरून पळत सुटला तो थेट स्टँडवर.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा आवाज चढला नाही.

"मिठागरावर त्या दिवशी अकरा माणसं होती," ते म्हणाले. "हाकेच्या अंतरावर. मी एकेकाच्या घरी जाऊन आलोय. सगळे म्हणाले, हाक काय ऐकू आली नाय. मला वाटलं, खोटं बोलतात. सहा वर्षं मी त्यांच्याशी बोललो नाय."

"मी हाक मारलीच नाय, काका."

किमया रडत नव्हती. ती बापाच्या बाजूला जाऊन उभी राहिली, एवढंच.

काकांनी फडकं भिजवलं, पिळलं आणि पुतळ्यावर घालायला गेले. हात मधेच थांबला.

मूठ उघडली होती. आत काहीच नव्हतं.

"ह्याला मी पोचवीन पाण्यात," काका म्हणाले. "तू जा."

निकेश एकटाच निघाला. रोह्याला पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. कुलूप जसंच्या तसं होतं. ओटी कोरडी होती. त्याने मनात एकच गोष्ट धरली होती, तो शर्ट चुलीत घालायचा.

स्वयंपाकघरात खुंटीवर शर्ट लटकत होता. पुसून पुसून विटलेला, पांढरट झालेला.

त्याला खिसा होता.

गडद निळा, नवा कोरा वाटावा असा. ओला होता आणि त्याला खाडीचा खारट वास येत होता. एका कोपऱ्याला तो पिनेने अडकवलेला होता. गंजलेली पिन... मधे वाकलेली, दाताने वाकवल्यासारखी.

किमया रोह्याला परत आली नाही. तौहीदने तो खेळ सोडून दिला, फोटोंचे रोल धुतलेच नाहीत.

तो शर्ट मी स्वतः पाहिला आहे. आधी मलाही वाटलं, हे किमयाचंच काम असणार. दुसरी किल्ली तिच्याकडेच होती. पण सकाळी दोघं एकत्र निघाली आणि दिवसभर ती पेणला सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. आणि ती पिन तिच्याकडे कुठून येणार? मी खूप डोकं चालवलं. उत्तर सापडलं नाही.

पिन काढायची निकेशची हिंमत झाली नाही, माझीही नाही. दुपारचा आवाज बंद झालाय, असं तो सांगतो. मला मात्र त्याचीच जास्त धास्ती वाटते.

कारण कागदावर त्याने स्वतःच लिहिलं होतं, तो आत येत नाही. आणि ती खुंटी स्वयंपाकघरात आहे.