दहावा पाव

यात पदरचं काहीही घातलेलं नाही. सिडसेलने मरायच्या आदल्या वर्षी स्वतःच्या तोंडाने जे सांगितलं, तेच सांगते आहे.

साल १८७१. डिसेंबरचा पहिला शनिवार. डेन्मार्क सोडून, समुद्र ओलांडून आलेल्या आमच्या पंथाच्या लोकांचं हे सॅनपीटचं खोरं.

सिडसेलची एकुलती एक लेक दोर्थे लग्नाची पेटी भरत होती. जुन्या कपड्यांच्या तळाशी एक करडं घोंगडं निघालं.

"आई, हे कुणाचं गं?"

"माझंच. डेन्मार्कहून आणलेलं."

धडधडीत खोटं.

त्या दुपारी सिडसेलने भट्टीतून दहा पाव काढले. नऊ घरचे, दहावा दशांशाच्या कोठारात द्यायचा. अंडी असोत, लोणी असो, आमच्याकडे दहावा हिस्सा देवाचा.

नऊ पावांनी हाताला चटके दिले.

दहावा... गार होता. बर्फासारखा.

"देवाला गारच आवडत असेल!" दोर्थे हसली.

सिडसेल हसली नाही. पुढच्या शनिवारी तिने पावांच्या जागा बदलल्या. कुठलाही पाव आधी काढला, कुठलाही नंतर. दहाव्यांदा हातात येणारा तो गारच.

आणि मग आवाज सुरू झाला. भरदिवसा, रिकाम्या घरात.

टक्... टक्...

लाकडावर पत्र्याचा पेला आपटावा तसा. घरात पत्र्याचा पेला नव्हताच. तो सिडसेलने पंधरा वर्षांपूर्वी वाटेतच फेकला होता.

तो बोडिलचा होता.

तेव्हा आमच्या पंथाची ही माणसं हातगाड्या ओढत, माळ तुडवत इकडे येत होती. सिडसेलचा नवरा वाटेतच गेला. चार वर्षांच्या दोर्थेने भुकेने रडणंही सोडलं होतं. तंबूत शेजारी बोडिल म्हातारी, मागेपुढे कुणी नसलेली. एका हिमाच्या संध्याकाळी सिडसेलने तिला हलवलं. ती हलली नाही. नाकाशी हात धरला. श्वास लागला नाही.

मेली म्हणून सांगितलं असतं, तर तिच्या वाट्याचं पीठ बंद झालं असतं.

सिडसेलने तिला पोत्याला टेकवून बसवलं. मांडीवर तिचा पेला ठेवला. पीठ वाटणारा आत आला, तेव्हा लाजेने तोंड फिरवून, लेकीला पोटाशी धरून बसली.

तो गेल्यावर वळून पाहिलं. पेला भरलेला होता. तिने तो घेतला.

मग अंगावरचं घोंगडंही ओढून घेतलं आणि लेकीला गुंडाळलं. मेलेल्या बाईला घोंगडं कशाला?

सकाळी तिने सगळ्यांना सांगितलं, "बोडिल रात्री गेली."

मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात, ते हेच. ते पीठ खाऊन लेक जगली, आणि हे लेकीला कळेल या धास्तीने आईने पंधरा वर्षं तोंडाला कुलूप लावलं.

वर्षाअखेर आमच्याकडे प्रत्येक घराला दशांशाचा हिशेब द्यायला बिशपसमोर बसावं लागतं. बिशप येप्पे. त्या वाटेवर पीठ वाटणारा माणूस तोच. शेजारी दोर्थे बसली होती.

"काय सिस्टर सिडसेल, यंदाचा दशांश पूर्ण?"

टक्... टक्...

टेबलाखालून.

"आई, कसला आवाज गं?"

लेकीलाही ऐकू आला!

"पूर्ण नाही," सिडसेल म्हणाली. "कधीच नव्हता." आणि सगळं सांगून टाकलं. लेकीकडे एकदाही न बघता.

येप्पे चक्रावला.

"अगं, काहीतरीच काय! बोडिल मेली कुठे होती तेव्हा?"

"मी बघितलं ना, ब्रदर. श्वास नव्हता."

"मीच नव्हतो का पीठ घालायला? तिने पेला स्वतः उचलून धरला. बोलली नाही काही, नुसतं तुझ्या पोरीकडे बोट केलं. म्हणून मी मूठभर जास्तच घातलं. तू पाठमोरी होतीस, मला वाटलं तुझा डोळा लागलाय."

"तुमची नजर चुकली असेल..."

"तिची बोटं लागली माझ्या हाताला. गार होती. पण तेव्हा कुणाची गार नव्हती?" तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "रडू नकोस. तू चोरलं नाहीस. तिने दिलं."

सिडसेल मात्र पिठासाठी रडत नव्हतीच.

तिला त्या हिमाच्या रात्री बोडिलच्या अंगावरून ओढलेलं घोंगडं आठवत होतं.

दोर्थे उठली आणि बाहेर बर्फात जाऊन उभी राहिली. शाल न घेता.

पुढे सिडसेल तीस वर्षं जगली. लोक भुतापासून वाचव म्हणून देवाला विनवतात. ती रोज उलटं मागायची. देवा, बोडिल तेव्हा मेलेलीच असू दे. पेला भुतानेच उचललेला असू दे.

दोर्थे माझी सासू. घोंगडं आता माझ्या पेटीत आहे. वापरवत नाही आणि टाकवतही नाही.

शनिवारी मीही पाव भाजते. नऊ हाताने काढते. दहावा लांबूनच फळीने ओढते, जाड फडक्यात बांधते आणि कोठारात देऊन येते.

त्याला अजून मी हात लावलेला नाही.