या ना एकदा जेवायला

विद्याधर त्या दिवशी प्लॉट बघायला बोरिवलीला आला होता. गेल्या पौषातली अमावस्या. विद्याधर म्हणजे माझ्या मावसबहिणीचा, जयंतीचा नवरा. वाकोल्याला राहायचा. कचेरीत हेडक्लार्क, पण तोरा असा की लाटसाहेबानं झक मारावी.

नंदू, हसू नकोस. तुळशी तलावाकडून आमची दहिसर नदी उतरते ते खोरं तुम्ही बघितलंयत कुठे? तुम्ही जाणार शूटिंग बघायला. आम्ही तिथलं पाणी ओंजळीनं प्यायलो, करवंदं खाऊन तिथल्याच खडकांवर झोपलो. आणि विद्याधरला तिथे काय दिसलं? "बंगल्याला झकास जागा!"

परतताना बूट घसरला आणि पठ्ठ्या डोहात. पोहता येतंय कुठे? एका म्हातारीनं मनगट धरून बाहेर ओढला. तर यानं आभार कसे मानावेत? "आजी, या ना एकदा आमच्याकडे जेवायला!" वर वाकोल्याचा पत्ताही सांगितला.

म्हातारी म्हणाली, "आजच येतंय."

संध्याकाळी माझ्या ओटीवर चहा पीत हे सगळं हसत हसत सांगत होता. मी विचारलं, "कपाळावर गोंदण होतं?"

"होतं. का?"

"शेवंती ती. मालवणकडची. मी शाळेत होतो तेव्हा त्याच डोहात बुडून मेली. बोलावलंयस ना, आता घरी जाऊन तिचं पान वाढ."

"असं मी शंभर जणांना म्हणतो रे, अण्णा! येतंय कोण?"

खरंच आहे. या कचेरीवाल्यांची सगळी बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात.

रात्री जयंतीनं दोनच पानं घेतली. तिला हा काही बोललाच नव्हता. जेवणं झाली. विद्याधर मच्छरदाणीत शिरला. तिनं चारी बाजू खोचल्या, दिवा बारीक केला.

कडी वाजली.

"भाऊ... जेवूक इलंय."

विद्याधरनं आवाज ओळखला. आणि या मर्दानं काय करावं? बायकोला पुढे केलं! आतूनच कुजबुजला, "सांग, घरात नाहीत."

जयंती दाराशी गेली. दार उघडलं नाही.

"ते... घरात नाहीत."



"नाय?"

"नाहीत."

"...बरा तर."

पावलं वाजली नाहीत.

जयंती वळली. "गेली हो."

उत्तर नाही.

"अहो..."

दिवा मोठा केला. मच्छरदाणी चारी बाजूंनी खोचलेली. दाराची कडी आतून लावलेली. उशीला डोक्याचा खळगा.

आणि ओल्या चादरीवर... बोटभर मासा. तडफडत होता.

पोलीस आले, डोह धुंडाळला. काही मिळालं नाही. विद्याधरचं मला सोयरसुतक नाही. माझ्या बहिणीचं काय चुकलं, एवढंच मला डाचतं. तिनं तो मासा घंगाळात सोडलाय. अजून जिवंत आहे.

बायका समाचाराला येतात. कुंकू पुस म्हणतात. ती घंगाळाकडे बघते.

"का? घरात आहेत ना."