पलूसची निरंक माणसं

"मूठ आवळा, ताई." वर न बघताच त्यानं माझ्या दंडाला रबराचा पट्टा बांधला.

"अहो, मी रक्त द्यायला नाही आले—"

"सगळीच असं म्हणत्यात. मुंगी चावल्यागत हुतंय नुसतं."

"मी मयूरी. हे नमुने ज्या संशोधनासाठी जातात ना... तिथली सीनियर सायंटिस्ट."

तेव्हा कुठे त्यानं मान वर केली. जयराज, पलूसच्या आरोग्य केंद्रातला लॅब टेक्निशियन. कान लाल झालेले, आणि पट्टा सोडायचं साफ विसरलेला. हसू आवरताना माझी पुरेवाट झाली.

खरं तर मी भांडायला आले होते. माणसांची जनुकं आणि त्यांच्या घराण्यातले आजार कॉम्प्युटरला शिकवायचे, म्हणजे पुढे कोणाला काय होऊ शकतं ते तो आधीच ओळखेल, हे आमचं काम. आणि आमच्या हुशार कॉम्प्युटरनं जाहीर केलं होतं, की पलूसमध्ये कोणालाही, कधीही, काहीही झालेलं नाही! 'घराण्यातले आजार' या रकान्यात प्रत्येक अर्जावर एकच शब्द होता. निरंक.

"लोकांनी खोटं का लिहिलंय?"

"आवं मॅडम, घरात लग्नाची पोरं हाईत. कागदावर आजार कोण लिवंल? सोयरीक मोडली तर तुमचा कॉम्प्युटर दुसरं स्थळ आणणार हाय व्हय?"

भांडण तिथंच संपलं. कारण साताऱ्यात माझ्या आईनं माझ्या बायोडेटात हेच केलं होतं. माझ्या रक्तात थॅलेसेमियाचा दोष आहे. मला त्याचा काही त्रास नाही, पण नवऱ्याच्याही रक्तात तो निघाला, तर मुलाला मोठा आजार होऊ शकतो. एकदा मी खरं सांगून बसले, आणि ठरलेलं लग्न आठवड्यात मोडलं. तेव्हापासून मीही निरंक.

मग आम्ही दोघं घरोघर जाऊन अर्ज नव्यानं भरायला लागलो. जयराज आधी पीकपाण्याचं बोलायचा, चहा घ्यायचा, आणि मग हळूच आजारपणावर यायचा. लोक त्याला सगळं सांगायचे. रंगुबाई नावाच्या आजींनी तर आम्हालाच विचारलं, "जोडा झ्याक हाय! लगीन कवा झालं?"

तो माझ्याकडे बघत राहिला, मी अर्जाकडे... "न्हाई झालं" असं काही कोणी म्हटलं नाही.

जयराजनंही रक्त दिलं होतं. नमुन्यांवर नावं नसतात, नंबर असतात. त्याचा नंबर मी शोधू शकले असते. रोज मोह व्हायचा, पण शोधला नाही.

काम संपत आलं तेव्हा एका संध्याकाळी सांगलीला कृष्णेच्या घाटावर, मध्ये भडंगाचा पुडा ठेवून आम्ही बसलो होतो.

"मंगळवारी काम संपतंय तुझं," तो म्हणाला. "मग परत कशाला येशील?"

"बोलवलंस तर येईन."

"आन् कायमचं बोलवलं तर?"

मला तो आवडत होता, फार आवडत होता. म्हणूनच मी सगळं सांगून टाकलं.

त्यानं शांतपणे पाकिटातून आपल्या नमुन्याची चिठ्ठी काढली. "हा माझा नंबर. बघ. पर त्याआधी ऐक, काय बी निघू दे, माझं ठरलंय."

मी पिशवीतला लॅपटॉप उघडला. नंबर टाकला, आणि निकाल दोनदा वाचला.

"तुझ्यातही आहे, जयराज."

"म्हंजे?"

"म्हणजे प्रत्येक मुलाला आजाराची शक्यता... चारात एक. दिवस गेल्यावर तपासता येतं. पण सोपं नाही रे ते."

त्यानं पुड्यातले चार शेंगदाणे तळहातावर मांडले. माझा जीव नुसता टांगणीला!

"म्हंजे चारातले तीन आपले," तो म्हणाला.

"आणि चौथा?"

"त्यो बी आपलाच की गं."

मी "हो" म्हटलं. त्याच्या त्या कायमच्या बोलावण्याला.